शाळेची सागवानी आलमारी

स्मरणिकेसाठी 'शाळेचा इतिहास' या विषयावर चार पाने लिहून द्या, असे समितीने सांगितले तेव्हा मी लगेच हो म्हटले. उभी नोकरी फायलींमध्ये गेली, तेव्हा चार पाने काय अवघड, असे वाटले. पण कार्यालयात जाऊन बसलो तर जुने कागद फारसे निघालेच नाहीत. जे उरले त्यात उदईने वाट काढलेली. जडवस्तू संग्रहाची सर्वांत जुनी नोंदवही 1963 ची, आणि तिच्या पहिल्याच पानावर एक ओळ : "लाकडी आलमारी, मोठी, नग 1, जुनी." किमतीचा रकाना रिकामा.

माझ्या चार पानांचा इतिहास या एका ओळीत सापडला. म्हणून शाळेऐवजी आलमारीबद्दलच लिहितो. पुरावा तिच्याच अंगावर आहे.

ही तीच वाचनालयाची आलमारी. सहा-साडेसहा फूट उंच, वरच्या पल्ल्यांना काच, खालचे पल्ले बंद, मधे दोन ओढण्या. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळ असायची. किल्ली मराठीच्या सरांच्या सदऱ्याच्या खिशात. शनिवारी शेवटच्या तासाला ती उघडली की आतून कापूर आणि जुन्या कागदाचा वास यायचा आणि 'किशोर'च्या अंकासाठी आपली ढकलाढकली सुरू व्हायची. तिचा रंग कोणता होता हे आपल्या ग्रुपवर विचारले तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने 'आकाशी' सांगितले. आपल्याहून दहा वर्षे आधीच्या मंडळींनी चॉकलेटी सांगितला. निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, "अरे, हिरवी होती ती, मी रुजू झाले तेव्हा." थोडा वादही झाला. नंतर रंग खरवडताना कळले की सगळेच बरोबर होते. वर आकाशी, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली हिरवा, आणि सर्वांत खाली लाकडाचे मूळ पॉलिश.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला ती मागच्या व्हरांड्यात दिसली. मोडक्या बाकांसोबत निर्लेखनाच्या ढिगात उभी होती. एक काच नव्हती, मागच्या फळ्या पोकळ झालेल्या, एका पायाखाली वीट. भंगारवाला लाकडाला जळणाचा भाव देणार होता. ग्रुपवर फोटो टाकला. निम्म्या जणांनी हात जोडले, उरलेल्यांनी हिशेब मांडला. दुरुस्तीच्या पैशात नवी लोखंडी आलमारी येते, वर संमेलनाच्या वर्षाची पाटी लावता येते. एकाने सनमायका लावा म्हटले, पुसायला सोपे. हा हिशेब चूक नव्हता. माझ्याकडेही उत्तर नव्हते, एवढेच म्हणालो की महिनाभर थांबा. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून आलमारी आपल्या ताब्यात दिली आणि ती माझ्या अंगणातल्या टिनाच्या शेडखाली आली.

काम कोणाला द्यायचे हा प्रश्न नव्हता. आपल्या वर्गातला एक मित्र गावात सुतारकाम करतो. बऱ्याच जणांच्या घरचे दरवाजे त्यानेच केले आहेत. तो आपल्यासोबत आठवीपर्यंत होता. संमेलनाची यादी आपण दहावीच्या हजेरीवरून केली, त्यामुळे मागच्या संमेलनाचे बोलावणे त्याला गेले नाही. यादी मीच केली होती. त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा हे मला आठवत होते. त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. तो म्हणाला, "रविवारी येतो. तवपावेतो हात नोको लावू."

मी हात लावला. शनिवारी ग्राइंडर भाड्याने आणला, त्याला पॉलिश पेपरची चकती बसवली आणि डाव्या पल्ल्याच्या आतल्या बाजूने सुरुवात केली. आकाशी गेला, चॉकलेटी गेला, फार समाधान वाटत होते. खालून काहीतरी पांढरे दिसले आणि उडून गेले. तो अनायासे एक दिवस आधी पाहायला आला होता, त्याने येऊन बटण बंद केले. "काहून घासून रायला बाप्पा? अक्षर आहे ना ते."

उरले होते ते एवढेच : 'ज. स. गों', आणि खाली 'नं.' नंबर मी उडवला होता. वर्ष असेल तर तेही. आजही तिथे हात फिरवला की चकतीचा खळगा लागतो.

जी अक्षरे वाचली त्यांनी मात्र बरेच सांगितले. 'ज. स.' म्हणजे जनपद सभा. आपल्यातल्या फार थोड्यांना हा शब्द ठाऊक असेल. आपला भाग तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि राजधानी नागपूर. 1948 साली तिथे स्थानिक शासनाचा नवा कायदा झाला. द्वारकाप्रसाद मिश्र त्या खात्याचे मंत्री होते. जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसीलवार जनपद सभा आल्या. प्राथमिक आणि मिडल शाळा, रस्ते, दवाखाने हे त्यांच्याकडे. भंडारा जिल्ह्यात भंडारा, साकोली आणि गोंदिया अशा तीन तहसिली होत्या, आणि आपले गाव गोंदिया तहसिलीत. म्हणजे ही अक्षरे 1948 च्या आधीची असू शकत नाहीत. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपद सभा संपल्या. तेव्हा ती त्यानंतरचीही नाहीत. चौदा वर्षांची खिडकी मिळाली.

दुसऱ्या पल्ल्यावर मी ग्राइंडर लावला नाही. मित्राने काचेच्या तुकड्याने एकेक थर खरवडला. सुतार लोक हे पूर्वीपासून करतात. फुटक्या काचेची धार रंध्यापेक्षा हलकी चालते आणि थर वेगळे निघतात. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. आपल्या देशात रंगातल्या शिशाला कडक मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली. म्हणून तोंडाला फडके, खाली ओले पोते आणि नातवंडांना अंगणबंदी. हिरव्यावर चॉकलेटी अक्षरात 'जि. प. भंडारा' निघाले. आणि आकाशीच्या वर, अगदी अलीकडचे, स्टेन्सिलने मारलेले 'जि. प. गोंदिया' तर डोळ्यांसमोरच होते. 1 मे 1999 ला आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यानंतरचे ते.

म्हणजे एका आलमारीवर तीन मालक. आणि राज्ये मोजली तर आणखी जास्त. मध्य प्रांत व वऱ्हाड, 1950 पासून मध्य प्रदेश, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत द्वैभाषिक मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. आलमारी खिडकीजवळून हलली नाही. नागपूर, मुंबई ही नावे मात्र तिच्या डोक्यावरून सरकत गेली. आपले आजोबा 'आमी सीपीतले' म्हणायचे ते उगाच नव्हे.

खिडकी अजून थोडी अरुंद करता येईल का, म्हणून मी मित्राच्या मागे लागलो. त्याला वर्षांत रस नव्हता, सांध्यांत होता. ओढण्यांचे कोपरे पारव्याच्या शेपटीसारख्या खाचांनी एकमेकांत अडकवलेले, हाताने कापलेले, कारण दोन खाचा सारख्या मापाच्या नाहीत. चौकटीच्या कुसवांना लाकडाच्याच मेखा. चिकटवलेल्या जागी त्याने गरम पाण्याचे फडके धरले. थोड्या वेळाने तपकिरी, वास मारणारा चिकट पदार्थ सुटला. हा सरस, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला. पूर्वी प्रत्येक सुताराकडे सरसाचे भांडे चुलीवर असायचे. फेव्हिकॉल बाजारात आले 1959 साली, आणि त्याने पुढे सरसाला हद्दपार केले. फेव्हिकॉलचा सांधा उघडायचा तर लाकूड फाटते. सरस मात्र पाणी आणि ऊब दिली की सोडतो. सगळे सांधे सरसाचेच निघाले, तेव्हा मी साठीनंतरची वर्षे मनातल्या मनात खोडली. याने काही सिद्ध होत नाही हे मला कळते, गावाकडे सरस पुढेही चालला असणार. पण 1963 च्या नोंदवहीत 'जुनी' लिहिले आहे हे धरले तर आलमारी पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धातली, असा माझा अंदाज. कोणाकडे याहून चांगला पुरावा असेल तर जरूर द्यावा.

लाकूड साग आहे यात शंका नव्हतीच. पण सगळे साग नव्हते. मागच्या फळ्या उदईने पार पिठासारख्या करून टाकल्या होत्या. चौकट शाबूत. सागाच्या आतल्या गाभ्यात जे तेलकट द्रव्य असते ते उदईला मानवत नाही. बाहेरचा फिका भाग मात्र ती आवडीने खाते. मागे कोणाला दिसणार म्हणून त्या काळच्या मिस्त्रीने तिथे हा फिका भाग आणि कुठले तरी हलके लाकूड वापरले होते. ज्या पायाखाली वीट होती तोही फिक्या लाकडाचा निघाला. तेव्हाही बजेट होतेच.

हा साग आला कुठून? त्याची पावती नाही. पण त्या वर्षांत आपल्याकडच्या जंगलाचेही मालक बदलत होते. सालेकसा, देवरी, नवेगाव या पट्ट्यातली बरीच जंगले आधी जमीनदार आणि मालगुजारांकडे होती. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने हे हक्क संपले आणि 31 मार्च 1951 पासून जंगले आणि तलाव सरकारजमा झाले. आपण आजही ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव, त्यातला 'माजी' तिथून आला. त्या काळात लाकूड बैलगाडीने स्टेशनपर्यंत यायचे. बंगाल-नागपूर रेल्वेची मोठी लाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच गोंदियावरून गेली होती आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बालाघाट-नैनपूर-जबलपूरची छोटी लाइनही जोडली गेली. तेंदूपत्ता, डिंक, लाख, इमारती लाकूड, सारे गोंदियात उतरायचे. गोंदिया हे नावच गोंदावरून म्हणजे डिंकावरून पडले असे जुने लोक सांगतात. गोंड लोकांवरून पडले असे दुसरे सांगतात.

लाखेचे नाव आले तर आता तिच्याबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण या कामात मला खरा धक्का लाखेने दिला.

मूळ पॉलिश कशाचे आहे हे पाहायला मित्राने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून आतल्या कप्प्यावर मिनिटभर धरला. कापूस तपकिरी झाला आणि लाकूड चिकट. "लाखच आहे," तो म्हणाला. मला लाख म्हटले की आधी लाखोळीची डाळ आठवते, आपल्यापैकी अनेकांना तीच आठवेल. ही लाख वेगळी. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांना एक बारीकसा किडा चिकटतो, रस पितो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो. फांदीवर हजारोंनी बसतात म्हणून लक्ष, आणि लक्षावरून लाख, असे म्हणतात. किलोभर लाखेला सुमारे तीन लाख किडे लागतात असा ढोबळ हिशेब आहे. पळसा-बोरावरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसमी, आणि कुसमीचा भाव चढा. फांद्या तोडून, खरवडून, धुऊन लाखदाणा करायचा. तो कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर पिळायचा, वितळलेली लाख पातळ पत्र्यासारखी ताणायची. वाळून तुकडे झाले की तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश.

महाभारतातले लाक्षागृह याच लाखेचे. आपल्या आई-आजीच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या याच्या. कचेरीतल्या पार्सलावरची लाल मोहर याची. विनायलच्या रेकॉर्डी येईपर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा लाखेच्या असायच्या, म्हणून तर पडल्या की फुटायच्या. 1924 साली लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुमला खास संस्था काढली गेली, एवढा हा व्यापार मोठा होता. आणि गोंदियात लाखेचे कारखाने होते. विलायतेत ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणून मिरवायचे ते आपल्या पळसाच्या फांदीवरून निघायचे, हे मला या वयात कळले. वर्गात आपण 'वनोपज' हा धडा पाठ केला तेव्हा पाठीमागे चार हातांवर ही आलमारी उभी होती.

पण पॉलिशचे दुकान गाठले तर चपडा मिळेना. दुकानदार मेलामाइन देत होता, पॉलियुरेथेन देत होता. चमक जास्त, पाणी लागत नाही, गरम भांडे चालते. मित्रही हल्ली तेच वापरतो, गिऱ्हाईक तेच मागते. आमचा इथे दोन दिवस वाद झाला. त्याचे म्हणणे, शाळा आहे, पोरे आहेत, मजबूत मारू. माझे म्हणणे, आजपर्यंत तीन वेळा मजबूत मारले म्हणूनच आपण महिनाभर खरवडत बसलो. लाखेचे पॉलिश पुढच्या माणसाला स्पिरिटच्या बोळ्याने काढता येईल. शेवटी तो म्हणाला, "मंग चपडा तू आण." मी नागपूरहून आणला.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. सागाच्या छिद्रांत भरायला खडूची भुकटी, चिमूटभर गेरू आणि जवसाचे तेल. जवस आपल्याच बांधीतले. धान कापायच्या आधी उतेऱ्यात टाकलेले. मग मलमलच्या फडक्यात कापूस बांधून पोटली, आणि पोटलीने हलक्या हाताने, गोल गोल, एक हात सुकला की दुसरा. मी मोजले नाहीत, पण अकरा दिवस रोज सकाळी हे चालले. दुपारी उन्हात आणि दमट हवेत तो पॉलिशला हात लावायचा नाही. पांढुरके होते म्हणायचा. पहिल्या दोन दिवसांत काही फरक दिसत नव्हता. पाचव्या दिवशी खालच्या पल्ल्यावर मला माझा चष्मा दिसला.

एक निर्णय राहिला होता. वरच्या फळीच्या आत, जिथे सरांचा हात पोचायचा पण नजर पोचायची नाही, तिथे पोरांनी कंपासच्या टोकाने नावे कोरलेली आहेत. किमान तीन पिढ्यांची. ग्रुपवर काहींचे मत पडले की ही विद्रूपता काढावी, आपण काही फार अभिमानास्पद केले नाही. काढायचे तर एक सूतभर लाकूड रंध्याने न्यावे लागले असते. मित्र रंधा हातात घेऊन माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी नाही म्हटले. त्याने रंधा ठेवला आणि तिथे नुसते तेल लावले. दोन दिवसांनी मी मोबाइलचा उजेड पाडून नावे वाचत बसलो तेव्हा डावीकडच्या कोपऱ्यात मला त्याची आद्याक्षरे दिसली, पुढे '8 अ'. त्याला ती माहीत असणारच. बोलला नाही.

उजव्या पल्ल्याच्या आत आम्ही हातभर रुंदीची एक पट्टी खरवडलीच नाही. हिरवा, चॉकलेटी, आकाशी असे तिन्ही थर तिथे पायऱ्यांसारखे दिसतील असे ठेवले, शिक्क्यांसकट. डाव्या पल्ल्यावर 'ज. स. गों' आणि माझा खळगा आहे. तो भरून देतो असे मित्र म्हणाला होता. मीच नको म्हटले.

वाचताना कोणी चंदीगडच्या खुर्च्यांची बातमी आठवेल. पियरे जान्नरे यांनी पन्नासच्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या खुर्च्या आखल्या. मोडल्या तशा त्या भंगारात निघाल्या, पुढे परदेशात लाखो रुपयांना लिलाव होऊ लागला आणि मग सरकारला जाग आली. आपल्या आलमारीला असा भाव कधी येणार नाही. ती कोणा नामवंताने आखलेली नाही. ज्या मिस्त्रीने केली त्याचे नावही कुठे नाही. डाव्या ओढणीच्या तळाला मात्र त्याच्या पेन्सिलीची मापे आहेत, फूट-इंचात, देवनागरी आकड्यांत, आणि एक बेरीज चुकून खोडलेली. मित्राने मागच्या नव्या फळ्यांचे माप त्याच्याच खाली, तशाच पेन्सिलीने लिहिले.

खर्चाचा हिशेब कोषाध्यक्षांकडे दिला आहे. मजुरीचा रकाना त्याने भरू दिला नाही. सामानाचे तेवढे घेतले. या लेखात नाव घालू का विचारले तर म्हणाला, "नाव-बिव नोको छापू जी. मी तं आठवीतच सोडली." म्हणून छापलेले नाही. यादी मात्र मी दुरुस्त केली आहे. आता ती पाचवीच्या हजेरीवरून केली आहे. सतरा नावे वाढली. त्यातल्या चौघांचा पत्ता अजून लागलेला नाही. कोणाला माहीत असेल तर संमेलनाच्या आधी मला कळवावे.

आलमारी पुन्हा खिडकीजवळ लागली आहे. किल्ली मुख्याध्यापिका बाईंकडे आहे. एक विनंती : तिच्यावर चहाचा गरम कप कोणी ठेवू नये, लाखेवर पांढरे वर्तुळ उठते. कोणी ठेवलाच तर मला निरोप द्या. स्पिरिटची बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.